सिनेमातला युद्धकैदी एवढा धडधाकट कसा?

'द ग्रेट एस्केप' या दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांच्या पलायनावरच्या हॉलिवूड सिनेमातली हिरो स्टीव्ह मॅक्वीनची काटेरी तारेच्या कुंपणावरनं उडणारी मोटरसायकल सगळ्यांना आवडते, मलापण, पण तसं काही घडलंच नव्हतं. गाडीसुद्धा युद्धानंतरची ब्रिटिश ट्रायम्फ, जर्मन वाटावी म्हणून रंगवलेली. ज्या खऱ्या घटनेवर सिनेमा आहे त्यात, मार्च १९४४ मध्ये जर्मनांच्या सागानच्या युद्धकैदी कॅम्पातनं ७६ जण बोगद्यातनं निसटले तेव्हा बाहेर बर्फ होतं, सिनेमात सगळं हिरवंगार.

हे एकवेळ चालवून घेऊ, पण त्यातल्या पुन्हा पकडलेल्या ५० जणांना एकाच माळावर मशीनगननं मारलेलं दाखवलंय ते मला अजिबात पटत नाही. गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी, एकेकट्याला नाहीतर चार-दोघांना गाडीत घालून नेलं, रस्त्याकडेला उतरवून गोळ्या घातल्या आणि कागदावर लिहिलं की पळून जात होते. कित्येक दिवस हे चाललं होतं, वरनं आलेल्या ऑर्डरीप्रमाणे, आणि सिनेमात ते मिनिटभरात उरकतं.

माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेत, ते असले पिक्चर बघताना एकच विचारतात, "कैद्याच्या अंगावर एवढं मांस कुठनं आलं रं?" बरोबरच आहे. रेडक्रॉसचं पार्सल आलं तर पोटाला आधार, नाहीतर पातळ सूप आणि पावाचा तुकडा. आणि पडद्यावर कायम ऑफिसरच दिसतात, कारण जिनिव्हा कराराप्रमाणे ऑफिसरला सक्तीचं काम लावता येत नाही, मग बोगदे खणायला वेळ असतो. साध्या जवानाला मात्र कामाला जुंपायचे, त्याचा दिवस कुणी दाखवतच नाही.

आम्हा सातारकरांना तर हे लागायलाच पाहिजे, इथं अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं आहेत. जून १९४२ मध्ये लिबियातलं टोब्रुक ब्रिटिशांच्या हातनं जर्मनांकडे गेलं तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन अख्खी कैद झाली. आणि मे १९४४ मध्ये फ्रान्समधल्या एपिनालच्या जर्मन कैदी कॅम्पावर अमेरिकन विमानांचे बॉम्ब पडले, भिंती कोसळल्या आणि आत असलेले हिंदुस्थानी कैदी बाहेर पडून चालायलाच लागले, फ्रेंच शेतकऱ्यांनी लपवलं, खायला घातलं, आणि जवळपास ५०० जण स्वित्झर्लंडला पोचले. सागानमधनं सुखरूप पोचलेले फक्त ३ होते हो! तरी त्या ५०० जणांवर एक मोठा पिक्चर नाही.

तुमच्या घरात टोब्रुकला पकडलेल्या कुणाचं पत्र, फोटो, पेन्शनचा कागद असेल तर मला कळवा, सातारा-सांगली कुठंही असू दे, मी येऊन बघतो.