शेंगा चटणीचं लेबल आणि मे महिन्यातला प्रिंटर

सोलापुरातल्या आमच्या सैफुलच्या गल्लीत घरी प्रिंटर आहे तो आमच्याकडेच. त्यामुळे कुणाचा सातबारा, कुणाच्या पोराचं हॉल तिकीट, कुणाचं आधार, सगळं आमच्या हॉलमधून छापून जातं. पण प्रिंटर घेतला तो गल्लीसाठी नव्हे, चटणीसाठी.

मी घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते. पाकीट विकायचं म्हटलं की त्यावर फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर, घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका आणि शेंगदाणा आहे म्हणून ॲलर्जीची सूचना, एवढं सगळं लागतं. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागते, मराठी जोडीला चालते. दर कांडपाला बॅच बदलते, तारीख बदलते. प्रेसवाल्याला हजाराच्या पटीत लेबलं छापायची असतात आणि मला पन्नास हवी असतात. म्हणून घरचा प्रिंटर.

नवी पेठेत चौकशीला गेलं की दुकानदार पहिला आकडा फेकतो तो पानांचा. ‘वहिनी, एका बाटलीत साडेचार हजार पानं निघतात बघा.’ निघतात की, पण कसली पानं? ते आकडे धरताना पानाचा साधारण ५ टक्के भाग शाईने भरतो असं धरलेलं असतं, म्हणजे चार ओळींचं पत्र. माझ्या लेबलला मागे मिरचीचा लाल रंग आहे, कडेला काळी चौकट आहे. तिथे हा हिशेब लागूच होत नाही. शिवाय नवीन मशीन पहिल्यांदा शाई ओढतं तेव्हा नळ्या भरायलाच बरीच शाई जाते, त्यामुळे पहिल्या बाटलीवरून खर्च काढू नये. दुसरी बाटली संपेल तेव्हा खरा आकडा कळतो.

तरी माझ्या कामाला टाकीवालाच बरा पडला, म्हणजे ज्याच्या टाकीत बाटलीने शाई ओततात तो. छोट्या कार्ट्रिजचा प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि मग कार्ट्रिज घेता घेता त्याची किंमत वसूल करून घेतो. लेझरचं वेगळं. त्यात शाई नसतेच, प्लास्टिकची बारीक पूड असते, ती गरम रोलरखाली कागदावर वितळून बसते. वाळायला काहीच नाही. त्यामुळे महिन्यातून दोन-चार पानं छापणाऱ्या माणसाला मी सरळ काळा-पांढरा लेझर घ्या म्हणते, नाहीतर झेरॉक्सवाला काय वाईट आहे? पण लेझरचा तो रोलर तापताना वीज खेचतो, हजार वॅटच्या आसपास झटका बसतो, आणि घरातला लहान इन्व्हर्टर ओरडायला लागतो. टाकीवाल्याला छापताना पंधरा-वीस वॅट पुरतात. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली तरी माझी लेबलं निघतात, ती इन्व्हर्टरवर.

आता मुख्य दुखणं सांगते. सोलापूरचा उन्हाळा. माहितीपुस्तिकेत बहुतेक प्रिंटरांना १० ते ३५ अंश तापमान सांगितलेलं असतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत काय होतं ते विचारू नका. हवा कोरडी ठाक. प्रिंटरच्या हेडला, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या भागाला, शेकडो बारीक भोकं असतात, केसापेक्षा बारीक, आणि त्यांच्या तोंडाशी शाई थांबलेली असते. चार-आठ दिवस काही छापलं नाही की ती तोंडाशीच सुकते. मग लाल रंगात पांढऱ्या रेघा येतात आणि माणूस म्हणतो, प्रिंटर बिघडला. बिघडलेला नसतो, बसून सुकलेला असतो.

त्यात भर म्हणजे आपली बोर्डाचं बटण बंद करायची सवय. आमच्या सासूबाई रात्री झोपताना घरातली सगळी बटणं खाली करतात. फ्रिज तेवढा वाचतो. प्रिंटरला हे चालत नाही. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड उजवीकडच्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं, लोणच्याच्या बरणीला झाकण लावावं तसं. छापता छापता बोर्डावरून वीज तोडली तर हेड मध्येच उघडं राहतं, आणि मेच्या हवेत एक रात्रही त्याला पुरते. आता बोर्डाच्या त्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवलीय. सासूबाई ती पट्टी बघून रोज काहीतरी पुटपुटतात, पण बटणाला हात लावत नाहीत.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. सोलापूरकराला महिन्याची तारीख आठवणार नाही, पाण्याचा वार बरोबर आठवतो. म्हणून मी नोझल चेक, म्हणजे हेडची भोकं मोकळी आहेत का याची तपासणी, पाण्याच्या दिवसाला बांधून टाकला. मोटर लावली, पिंप भरायला लागलं, की एक पान नोझल चेकचं काढायचं. त्यावर चारही रंगांच्या बारीक रेघांची जाळी येते. जाळी अखंड असेल तर काम संपलं. मध्ये तुटलेली असेल तरच हेड क्लीनिंग, आणि क्लीनिंगनंतर पुन्हा नोझल चेक.

इथे बरेच जण घाई करतात. एकदा क्लीनिंग, दोनदा, पाच वेळा, बटण दाबतच राहतात. प्रत्येक वेळी मशीन भोकांतून शाई ओढून फेकतं, आणि ती शाई जाते आतल्या स्पंजमध्ये. त्या स्पंजचा हिशेब मशीन ठेवतं. हिशेब भरला की मशीन काम थांबवतं आणि इंक पॅडचा मेसेज दाखवतं. काही मॉडेलमध्ये तो स्पंजचा डबा आपल्याला बदलता येतो, बाकीच्यांत दुरुस्तीवाल्याकडे न्यावं लागतं. दोन-तीनदा करून फरक पडला नाही तर प्रिंटर बंद करून रात्रभर तसाच ठेवावा. टोपीतल्या ओलाव्याने सुकलेली शाई सैल होते आणि सकाळी पुष्कळदा आपोआप जमतं. ‘पॉवर क्लीनिंग’ नावाचा जो पर्याय असतो तो टाकीतली शाई भराभर पितो. तो शेवटचा.

टाकीतली शाई खालच्या रेषेच्या खाली जाऊ द्यायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. नळीत हवा शिरली की ती काढणं कटकटीचं. शाई उडवून छापणाऱ्या प्रिंटरचे, म्हणजे इंकजेटचे, मुळात दोन प्रकार आहेत. एकात विजेने वाकणारा स्फटिक शाईचा थेंब ढकलतो. दुसऱ्यात शाई क्षणभर तापवून बुडबुडा करतात आणि तो बुडबुडा थेंब बाहेर फेकतो. हा दुसरा प्रकार कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली सापडला, तोही अपघाताने: तापलेला सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला टेकला आणि शाई उडाली. मला हा किस्सा फार आवडतो. तर या बुडबुड्यावाल्या प्रकारात शाईच हेडला थंडही ठेवते. शाईशिवाय चालवलं तर हेड जळतं.

कागदाचं सांगायचं तर उन्हाळ्यात दोन उलटी संकटं येतात. कोरड्या हवेत कागद एकमेकांना चिकटतात, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. त्यासाठी गठ्ठा हातात घेऊन पत्त्यांसारखा फडफडवायचा, ट्रे काठोकाठ भरायचा नाही. आणि दुसरं संकट कूलर. कूलरचं ओलं वारं थेट ट्रेवर आलं की कागद दमट होऊन वळतो आणि आत अडकतो. प्रिंटर कूलरसमोरून हलवला की अर्धे जाम संपतात. रीम उघडी टाकू नये, पिशवीत गुंडाळून ठेवावी. अडकलेला कागद ओढायचा तो कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश. तुकडा आत राहिला तर मागचं झाकण उघडून शोधावा लागतो, चिमट्याने.

स्टिकर पेपरचा घोळ वेगळा. बाजारात चकचकीत क्रोमो स्टिकर मिळतो, दिसायला देखणा, पण तो लेझरसाठी किंवा प्रेससाठी असतो. त्यावर इंकजेटची शाई वाळतच नाही, बोट लावलं की पसरते. इंकजेटला इंकजेटचाच स्टिकर मागून घ्यावा. उलट हलक्या प्रतीचा स्टिकर लेझरमध्ये घातला तर उष्णतेने मागचा गोंद पाझरून रोलरला लागतो. आणि शेंगा चटणी म्हणजे तेल. रंगीत शाई बहुतेक डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची असते, पाण्याने फुटते, तेलकट हात लागला की लेबल मळतं. काळी शाई काही मॉडेलमध्ये पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची असते, ती टिकते. म्हणून माझी तारीख, वजन, लायसन्स नंबर सगळं काळ्यात, आणि लेबल चिकटवल्यावर वरून पारदर्शक टेप. पाकीट चटणी भरल्यानंतर पुसून मगच लेबल.

माझ्या शीटवर २४ लेबलं आधीच कापलेली येतात. मोबाइलवरून छापलं की सगळी सरकतात, पहिली ओळ बरोबर, शेवटची ओळ अर्धी बाहेर. कारण छापताना ‘फिट टू पेज’ लागलेलं असतं, ते पान जरासं आकसतं. ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के करायचं, आणि आधी साध्या कागदावर छापून तो कागद स्टिकरवर ठेवून उजेडात धरून बघायचं. मगच महागाचा स्टिकर घालायचा.

मराठीचंही सांगते, कारण हे दुसरीकडे कुणी सांगत नाही. पहिलं लेबल मी एका डीटीपीवाल्याकडून करून घेतलं. त्याने श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेली फाइल तशीच पाठवली. आमच्या कॉम्प्युटरवर उघडली तर ‘शेंगा चटणी’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे खरं तर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं, फॉन्ट नसला की मूळ अक्षर उघडं पडतं. उपाय दोन: फॉन्ट आत घातलेली पीडीएफ मागायची, किंवा अक्षरं ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांचं चित्र बनवून द्यायला सांगायची. घरी करताना मी युनिकोडचेच फॉन्ट वापरते, मुक्ता किंवा मंगल; त्यात मराठी अक्षराला स्वतःची जागा असते. पीडीएफ स्क्रीनवर नीट आणि कागदावर जोडाक्षरं फुटलेली, असंही कधी होतं. तेव्हा प्रिंटच्या ॲडव्हान्स्डमध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ वर टिक करायची. पानाला वेळ लागतो, पण ‘र्‍या’चा ‘र’ जागेवर राहतो.

वायफायचं थोडक्यात. घरच्या बऱ्याच प्रिंटरांना २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव असेल तर पहिली जोडणी अडकते. तेवढ्यापुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करायचा, जोडणी झाली की चालू. लाइट जाऊन आली की प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो, हा तर रोजचा खेळ. राउटर नव्याने सुरू झाल्यावर प्रिंटरला नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. माझ्या पुतण्याने राउटरमध्ये जाऊन प्रिंटरचा आयपी कायमचा राखून ठेवला, तेव्हापासून शांतता आहे. रांगेत एखादी प्रिंट अडकून बसली आणि डिलीटही होईना, तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारा ‘प्रिंट स्पूलर’ थांबवायचा, स्पूलच्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फाइली पुसायच्या, स्पूलर परत चालू.

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, एक दुरुस्तीवाला आहे. तो म्हणतो, ‘अक्का, यंत्रमागाच्या घरातला प्रिंटर मी न उघडता ओळखतो.’ कापसाची तूस गिअरमध्ये, रोलरवर, सगळीकडे. आणि सोलापुरात वस्तू झाकायची म्हटलं की आपण टॉवेलच टाकणार! टॉवेलचे धागेच आत जातात. मी जुना प्लास्टिकचा टेबलक्लॉथ टाकते. कागद ओढणारा रबरी रोलर मात्र मधूनमधून ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावा, धुळीने तो गुळगुळीत झाला की ‘पेपर नाही’ असं ट्रे भरलेला असताना सांगतो.

गल्लीतल्यांकडून पानाला पाच रुपये घेते. आधारची पीडीएफ घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पासवर्ड माहीत नसतो, म्हणून भिंतीवरच लिहून ठेवलंय: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. सासूबाईंना हे पैसे घेणं पसंत नाही. त्यांच्या भजनी मंडळाची पानं अर्थातच फुकट, आणि तिथल्या बायकांना अक्षर २० पॉइंटच्या खाली दिसत नाही, म्हणून एक अभंग दोन पानं खातो. मी तक्रार करत नाही, तेवढं हेड चालतं. फक्त अभंग काळ्या शाईतले, त्याने बाकीचे तीन रंग मोकळे राहत नाहीत. म्हणून पानाच्या डोक्यावर मी विठ्ठल टाकते: पीतांबर पिवळा, शेला गुलाबी, मागे निळं आभाळ. मंडळ खूश आहे. गेल्या एकादशीला त्यांनी रुक्मिणीही मागितली.