माकडतापाचा नमुना नाशिकहून पुण्याला पाठवताना

संशयित माकडतापाचं (गोचिडीतून पसरणारा विषाणूजन्य ताप, क्यासानूर फॉरेस्ट डिसीज) रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत पाठवायचं म्हटलं की सगळे डबा आणि बर्फाच्या मागे लागतात. माझा जास्त वेळ जातो तो फॉर्ममधल्या एका रकान्यात: ताप कधी सुरू झाला? तिथे रुग्ण दाखल झाल्याची तारीख ठोकून दिलेली असते. पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत, विषाणू सापडतो तो साधारण पहिल्या १२ दिवसांत; आयजीएम, म्हणजे शरीराने सुरुवातीला बनवलेली प्रतिपिंडं, बहुधा पाचव्या दिवसानंतर. तारीख चुकली की चाचणी चुकीची निवडली जाते आणि ‘निगेटिव्ह’ खरं मानलं जातं. म्हणून मी तारीख विचारतच नाही, ‘बाजाराच्या वारी अंगात कणकण होती का?’ असं विचारते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे काजूच्या बागेत काम केलंय का, गोचीड चावली का, हेही.

रक्त ४-५ मिली, लाल टोपीच्या साध्या नळीत, अर्धा तास उभं. झाकणबंद कपांचं सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून सीरम, म्हणजे वरचा द्रव, वेगळं करणारं यंत्र) नसेल तर नळी उघडायची नाही, फिरवायचीही नाही. उडालेला सूक्ष्म तुषार श्वासात जातो. तशीच त्याच दिवशी रवाना करायची. टोपीवर पॅराफिल्म ही ताणून गुंडाळायची मेणचट पट्टी, भोवती कापूस, मग फिरकीच्या झाकणाचा न गळणारा डबा, मग थर्माकोलची पेटी. फॉर्म फिरकीच्या डब्याच्या बाहेर, वेगळ्या पिशवीत.

सुरुवातीला फ्रीझरमधला बर्फाचा पॅक थेट डब्याला टेकवला होता. रक्त बर्फासारखं गोठलं, पेशी फुटल्या; असं लालभडक सीरम पीसीआरला अडथळा करतं. आता लसीकरणवाल्यांची युक्ती: पॅक बाहेर ठेवायचा, हलवून कानाशी धरायचा, आत पाणी खळखळलं की मगच भरायचा. नाशिक-पुणे सुमारे २१० किलोमीटर. शुक्रवारी संध्याकाळी मात्र कुरियरला देत नाही, शनिवार-रविवारी नमुना अडकून पडेल म्हणून. फिरती बीएसएल-३ (धोकादायक जंतूंसाठीची बंदिस्त) प्रयोगशाळा २०२२ मध्ये नाशिकमध्येच सुरू झाली खरी, पण ती पडली फिरती; गरजेच्या वेळी इथे असेलच असं नाही.

अहवाल येईपर्यंत उपचार थांबत नाहीत. खास औषध नाहीच: पॅरासिटामॉल, सलाइन, प्लेटलेटवर नजर. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळायचं, रक्तस्राव वाढतो.

जुनी लस कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून फॉर्मालिनने मारलेल्या विषाणूची. महिन्याच्या अंतराने दोन डोस, ६-९ महिन्यांनी बूस्टर, पुढे वर्षाला एक. वर टोचलेला दंड ठणकणार. लोक फिरकेनात, संरक्षणही तोकडं, म्हणून ती थांबली. नव्या लशीवर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स काम करत आहेत. आजारातून उठलेल्याच्या रक्तात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं किती चढतात, हे माहीत असलं तरच लशीने चढवलेली पुरेशी की नाही ते ताडता येतं. त्यासाठी दुसरा नमुना लागतो, दोन-तीन आठवड्यांनी. तोच बहुतेक वेळा मिळत नाही, कारण बरा झालेला माणूस कामावर गेलेला असतो. मी त्याची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लाल शाईने लिहिते आणि घरातल्या बाईचा फोन नंबर घेऊन ठेवते.