फुटपाथवरच्या बाकड्यांकडे बघायचं कुणी?

जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ 2017 च्या सुमारास नवा झाला तेव्हा मला खरंच खूप भारी वाटलं होतं, कारण गाड्यांच्या आधी चालणाऱ्या माणसांचा विचार करून केलेला रस्ता पुण्यात बघायला मिळत होता. ऐसपैस फुटपाथ, झाडं तशीच ठेवून बसायला केलेली जागा, पोरांना खेळणी. आईचे गुडघे दुखतात, मध्ये मध्ये टेकायला मिळणार असेल तरच ती घराबाहेर पडते, त्यामुळे बाकडं म्हणजे नुसती शोभा असं कुणी म्हटलं की मला पटतच नाही. बाकडी नसली की म्हातारी माणसं रस्त्यावर दिसेनाशी होतात.

आता आमच्या भागातली गोष्ट. इथे बाकडी भरपूर आहेत, पाठीवर नावं रंगवलेली, ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या निधीतून आलेली. नवीन बसवायला पैसा मिळतो पण बसवलेलं दुरुस्त करायचं म्हटलं की ते कुणाचंच काम नसतं. कोपऱ्यावरच्या बाकड्याचं बघा ना, लोखंडी सांगाडा आणि त्यावर लाकडी फळ्या, आधी एक बोल्ट गंजून पडला, मग ती फळी एका बाजूने उचलली गेली, लोक कडेला अंग चोरून बसायला लागले, पावसाळ्यात दुसरी फळी कुजली आणि आता नुसता सांगाडा उरलाय, त्याला पण बाइक बांधून ठेवतात. पाना घेऊन आलेल्या माणसाचं दहा मिनिटांचं काम होतं हो! कचऱ्याच्या डब्यांचं पण तेच, डबे गेले आणि दांडे राहिले, ते बरोबर गुडघ्याच्या उंचीवर, अंधारात किंवा ज्याला दिसत नाही त्याला ते कसे कळणार? रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, इथे विजेचे डीपी बॉक्स, खांब आणि हे दांडे सोडून जे उरतं त्यातून व्हीलचेअर जाणं शक्यच नाही.

बरं, मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, तेव्हा तर सांगायचं कुणाला हाच प्रश्न होता.

मला राहून राहून वाटतं की उत्तर आपल्याच शहरात आहे. याच जंगली महाराज रस्त्याचं डांबरीकरण 1970 च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन केलं होतं, आणि हमी संपल्यावरही कितीतरी वर्षं तो रस्ता टिकला. मग बाकड्यांना अशी हमी का नाही मागायची? टेंडरमध्येच पाच वर्षांची देखभाल घाला, प्रत्येक बाकड्यावर नंबर टाका म्हणजे तक्रार करताना “त्या मेडिकलच्या समोरचं” असं सांगत बसावं लागणार नाही, आणि त्याच मापाच्या फळ्या अन् नटबोल्ट वॉर्ड ऑफिसमध्ये आधीच आणून ठेवा. नव्या बाकड्यांचं उद्घाटन नंतर करा, आधी ही जुनी बसण्यासारखी करून द्या.