पाझर तलावावरची चिलापी

दिवाळीत गावी गेलो की एक सकाळ माझी ठरलेली. चिव्याची काठी, तंगूस, काडेपेटीत ठेवलेले गळ आणि आत्याकडून मागून घेतलेला कणकेचा गोळा. आत्या माळकरी. कणीक कशाला हवीय ते तिला पक्कं ठाऊक असतं, पण विचारत नाही. वाटेत मी त्या गोळ्यात शेंगदाण्याची पेंड मळतो.

आमचं गाव माण तालुक्यात. पाणी म्हणाल तर बाहत्तरच्या दुष्काळी कामावर बांधलेला हा एक पाझर तलाव. याच बांधावर आत्यानं सुकडी खाऊन मातीच्या पाट्या वाहिल्यात. तलाव म्हटलं की तिला मासे नाही, मुकादम आठवतो. तलावाला कालवा नाही. पाणी अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि खालच्या विहिरींना उतरू द्यायचं, एवढंच त्याचं काम. मार्चनंतर इथं गळ नव्हे, बॅट घेऊन यावं.

तलाव ठेक्यानं दिलेला आहे, त्यामुळे आधी राखणदाराला गाठलं. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांची बोटुकली विकत आणून सोडावी लागते. म्हणून त्याचा जीव त्यांच्यात. "चिलापी न्या कितीबी, रोहू लागली तर सोडा," म्हणाला. चिलापी 1952 साली भारतात आणली गेली. इथं ती कुणी सोडली कुणास ठाऊक, पण आता हाकलून जात नाही. शहरातले माझे गळवाले मित्र तिला मासाच मानत नाहीत. मला विचाराल तर दोन तासांच्या सुट्टीला तिच्याइतकं इमानी कुणी नाही.

सांडव्याजवळच्या वेड्या बाभळीखाली बसलो. तरंगायला मोरपिसाचा देठ. रोहू लागली तर देठ तिरका होऊन सरळ निघून जातो. चिलापी आधी टुकटुक करते, थांबते, पुन्हा टुकटुक. घाईनं ओढलं की नुसता धुतलेला गळ वर येतो. पहिली पाच-सहा आमिषं अशीच गेली. समोरच्या दगडावर बसलेल्या खंड्यानं तेवढ्यात दोन मासे उचलले.

दहा झाल्यावर अकरावी जड लागली. हातात घेतली तर गळ तोंडात नव्हताच, पोटाखालच्या परात बाहेरून अडकला होता. सोडवताना बोटांचा दाब पडला आणि तिनं तोंड उघडलं. तळहातावर जिऱ्याएवढी पिल्लं सांडली, वीस-पंचवीस तरी, नुसते डोळे आणि शेपट्या. चिलापीची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि तेव्हा जवळजवळ खातच नाही, हे वाचलं होतं. आमिषाला तोंड का लावलं नव्हतं ते तेव्हा कळलं. हात तसाच पाण्यात बुडवला. पिल्लं तिच्या मागं गेली की नाही ते गढूळ पाण्यात दिसलं नाही. मग पुन्हा गळ टाकावासा वाटेना.

आत्याच्या चुलीवर मासा चालत नाही. मागच्या अंगणात तीन दगड मांडून वहिनीनं कालवण ठेवलं. आत्या उंबऱ्यावर वाती वळत बसली होती, तिला पिल्लांचं सांगितलं.

"सोडलीस न्हवं तिला?"

"सोडली."

"आन बाकीच्या धाजणी?"

मी पळी घेऊन कालवण ढवळायला लागलो.