काळवथरातून रुळांवर: रोहा ते राजापूर रोड

कोकण रेल्वेचे डोंगर पाहायचे तर दिवा–सावंतवाडीसारखी जागोजागी थांबणारी गाडी घ्यावी. जलद गाडीतून कटिंगची, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून काढलेल्या वाटेची, भिंत नुसती काळी रेघ होऊन सरकते. दक्षिणेकडे जाताना सह्याद्री डाव्या हाताला राहतो, तेव्हा त्याच बाजूची खिडकी धरावी.

वीर स्थानकापर्यंत दुहेरी मार्ग आहे, पुढे एकेरी. क्रॉसिंगला, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला, गाडी बराच वेळ रखडते, त्यामुळे उतरल्यावरची एसटी मोजूनमापून ठरवू नये.

वीर सोडलं की बोगदे दाट होतात. मार्ग आखताना चढ १५० मीटरला १ मीटरहून तीव्र नको आणि वळणाची त्रिज्या सव्वा किलोमीटरहून कमी नको, अशी अट होती. मग डोंगराला वळसा घालायला वावच उरला नाही. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे.

कटिंगमध्ये नजर दगडावर ठेवा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा काळवथर, म्हणजे बेसॉल्ट. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेच्या रंगाचा मातकट पट्टा दिसतो. दरडीचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. भेगांतून झिरपलेलं पाणी त्या पट्ट्याशी अडतं, पट्टा भुसभुशीत होऊन झडतो आणि वरच्या धोंड्याचा आधार सुटतो. जांभ्याचं, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाचं, वेगळं. तो सच्छिद्र, पाणी पिऊन जड होतो, खालची चिकणमाती निसरडी होते आणि अख्खा उतारच खाली येतो. म्हणून काळवथराला लोखंडी जाळ्या नि रॉकबोल्ट (खडकात खोल ठोकलेले पोलादी खिळे) लागतात, तर जांभ्याचा उतार कमी करून पायऱ्या काढाव्या लागतात आणि माथ्यावर पाणी वळवणारं गटार खणावं लागतं. नुसत्या जाळीने जांभा थोपत नाही.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधले धोंडे रुळांवर आले, गाडी घसरली आणि ५० हून अधिक माणसं गेली. पावसाळ्यात इथल्या गाड्या हळू चालतात, वेळापत्रकही वेगळं असतं. उशीर झाला म्हणून त्रागा करू नये. गस्तवाला भर पावसात ती भिंत बघत उभा असतो.

तिकीट रत्नागिरीपर्यंतच काढण्याची चूक बरेच जण करतात. ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल रत्नागिरी सोडल्यावर लागतो. राजापूर रोडपर्यंतचं काढा. ते स्थानक राजापूर गावापासून लांब आहे, रिक्षाची सोय आधीच बघून ठेवा. पूल खालून पाहायचा असेल तर रत्नागिरीहून रस्त्याने पानवलला जावं, रुळांवरून चालत कधीच नाही. बोगद्यात हात बाहेर काढू नका, दारात उभं राहू नका.

पावसाळी वेळापत्रक संपल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात चांगले. दगड धुऊन निघालेला असतो आणि लाल पट्टे ओले असल्याने दुरूनही ओळखू येतात.