घरचा बार, महिना चौथा: बर्फ जमला!

या महिन्यात एकही नवी बाटली आणली नाही. सगळा महिना बर्फात गेला आणि सत्कारणी लागला.

झालं असं, की लोअर परळला गिरणीच्या जुन्या आवारातल्या एका बारमध्ये मंगळवारी संध्याकाळी सातलाच जाऊन बसलो. शिकायचं असेल तर शनिवार टाळा. शनिवारी रात्री तिथे संगीत असतं, गर्दी असते, पण बारटेंडरला मान वर करायला सवड नसते. मंगळवारी तो समोर उभा राहून बर्फ कापत होता. काचेसारखा आरपार बर्फ! ग्लासात पडल्यावर त्याची कड तेवढी दिसत होती. कसा करता, विचारलं तर म्हणाला, "सर, घरी करायचा तर थर्माकोलचा डबा घ्या. आणि फ्रीजरमधून काढला की लगेच सुरी लावू नका. आधी त्याला घाम येऊ द्या."

घरी आधी पाणी दोनदा उकळून पाहिलं होतं. बर्फ पांढराच. खरा फरक पडतो तो थंडी कुठून शिरते याने. ट्रेमध्ये ती चहूबाजूंनी येते, पाण्यातली हवा मधोमध कोंडते, म्हणून मध्यभाग दुधाळ. थर्माकोलच्या डब्यात झाकण न लावता पाणी ठेवलं की थंडी फक्त वरून उतरते आणि हवा खाली ढकलली जाते. पहिल्यांदा दोन दिवस ठेवला, तर पूर्ण गोठून तळाचा भाग पांढरा झाला आणि लादीला तडा गेला. आता माझ्या फ्रीजरमध्ये बावीस तासांनी काढतो. तळाशी थोडं पाणी उरलेलं असतं, ते ओतून द्यायचं.

मग घामाची गोष्ट. बाहेर काढल्यावर लादीवर पांढरी साय धरते. ती जाऊन अंग ओलं आणि चकचकीत होईपर्यंत थांबायचं. आमच्याकडे पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर जिथे तोडायचं तिथे आखलेल्या रेघेवर ब्रेडची दातेरी सुरी धरून पाठीवर लाटण्याने हलकेच ठोकायचं. रेघ खोल गेली की 'टक्' असा आवाज येतो आणि लादी सरळ दुभंगते. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरात हाक मारून बोलावलं.

आता पेयात काय फरक पडला ते सांगतो. निग्रोनी या कडवट कॉकटेलचं माप सरळ आहे: जिन, कँपारी (लाल, कडवट इटालियन मद्य) आणि गोड वर्मुथ, तिन्ही ३० मिली. म्हणजे ९० मिली. (जिन गोव्याची स्ट्रेंजर अँड सन्स. वर्मुथ ही मुळात वाइन, उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवा.) मिक्सिंग ग्लासात अर्धा मिनिट ढवळून गाळल्यावर जिगरने (मापाच्या छोट्या पेल्याने) पुन्हा मोजलं. ट्रेच्या ओल्या, बारक्या बर्फाने १२६ मिली भरलं, लादीच्या मोठ्या तुकड्यांनी ११३. इतके दिवस मला वाटत होतं की माझी निग्रोनी फिकी होते ती जिनमुळे. ते सगळं पाणी होतं. आता कडवटपणा शेवटच्या घोटापर्यंत टिकतो आणि संत्र्याच्या सालीचा वास वर राहतो.

पण पाणी कमी म्हणजे चांगलं, असंही नाही. एकदा दहाच सेकंद ढवळून पाहिलं, तर जिन घशाला लागली. तीस ते पस्तीस सेकंद मला पटले.

शेक करायच्या पेयांना ही लादी वाया घालवू नका. डायकिरी (रम, लिंबू आणि साखरेचं कॉकटेल) ट्रेच्या बर्फावरही झकास होते, फक्त बर्फ फ्रीजरमधून थेट शेकरमध्ये पडला पाहिजे.

पुढच्या महिन्यात काजू फेणी. लिंबू आणि साखरेचा पाक घेऊन सुरुवात करतोय, ६०, २२ आणि २२ मिली. फेणीचा दर्प लिंबाला झाकून टाकतो असा पहिला अंदाज आहे, म्हणून कोकमाचं आगळही आणून ठेवलंय. कुणी आधी केलं असेल तर आगळात मीठ असतं त्याचं काय केलंत, तेवढं सांगा.