उतरणीवरची गोळी: जी ५.४ पासून ९.७ पर्यंत

उतरणीवरून गोळी घरंगळवून जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण (साधारण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग), काढायचा प्रयत्न चालू आहे. मागच्या नोंदीत उतरण उभी राहिली होती, मोजायचं बाकी होतं. आता आकडे हाती आले आहेत. बल आणि गतीचा धडा शाळेतल्या मुलांना हाताने करून दाखवता यावा म्हणून हा खटाटोप सुरू केला. सध्या मात्र त्यात मीच जास्त रमलोय.

मांडणी तीच. २ मीटर लांबीचा, २५ मिमी बाजूंचा ॲल्युमिनियमचा काटकोनी अँगल, उघडी बाजू वर, म्हणजे समोरून व्ही दिसेल असा. वरचं टोक खालच्यापेक्षा १० सेंमी उंच. दोन सुधारणा केल्या. एवढा लांब अँगल मध्ये थोडा लवतोच आणि मग वरचा अर्धा जास्त उताराचा, खालचा कमी उताराचा होतो, म्हणून मधोमध तिसरा टेकू दिला. आणि उंची टेबलापासून न मोजता पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी काढतो. टेबल सपाट असतं हा आपला गोड समज. १० सेंमीत २ मिमी इकडेतिकडे झाले की शेवटच्या उत्तरात सरळ २ टक्क्यांचा फरक पडतो. लोक स्टॉपवॉचवर जीव टाकतात आणि उंची पट्टीने अंदाजे घेतात, ते उलटं हवं.

स्टॉपवॉच मी काढूनच टाकलं. अँगलच्या आत १२.५, ५०, ११२.५ आणि २०० सेंमीवर चिकटपट्टीच्या बारीक आडव्या पट्ट्या लावल्या, दोन थर देऊन. पोलादी गोळी पट्टीवरून गेली की ‘टिक’ असा बारीक आवाज येतो. फोन अँगलला टेकवून ठेवायचा, आवाज रेकॉर्ड करायचा आणि ध्वनीच्या आलेखात चार टोकं शोधायची. सेकंदाचा शंभरावा भाग आरामात वाचता येतो. शून्याची खूण मात्र गोळीच्या मध्याखाली हवी, ती अडवणाऱ्या पट्टीच्या कडेला नव्हे. २५ मिमीच्या गोळीत तेवढ्याने १२.५ मिमीचा घोळ होतो.

अंतरं १, ४, ९, १६ या प्रमाणात घेतली आहेत. त्वरण एकसमान असेल तर चारही टिक सारख्या अंतराने यायला हव्यात. आणि येतात! कान नुसता ताल धरतो, गणित नंतर. इटलीतल्या फिरेन्झेच्या (फ्लॉरेन्सच्या) म्युझिओ गॅलिलिओ या संग्रहालयात अशीच घंट्या लावलेली उतरण आहे. ती गॅलिलिओच्या बऱ्याच नंतरची, प्रात्यक्षिकासाठी केलेली. तो स्वतः वेळ मोजायचा ती भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी तोलून. ते वर्णन त्याच्या १६३८ सालच्या ग्रंथात आहे.

आता मुद्द्याचं. सोडण्याच्या क्षणाचा भरवसा नसतो, म्हणून पहिल्या टिकपासून चौथ्यापर्यंतचाच वेळ धरला: २.८९ सेकंद. हे तीन सारखे भाग, म्हणजे पूर्ण २ मीटरला ३.८५ सेकंद. त्यावरून त्वरण ०.२७ मीटर प्रति सेकंद वर्ग. उतार २० ला १ आहे, तेव्हा २० ने गुणलं की जी मिळायला हवा. मिळतात ५.४.

इथे बहुतेक जण ‘घर्षणामुळे’ असं म्हणून वही मिटतात. पण घर्षणाने ऊर्जा उष्णतेत गेली म्हणावं, तर गुळगुळीत अँगलवर टणक गोळीची जवळजवळ अर्धी ऊर्जा कशी जाईल? ती गोळीच्या फिरण्यात गेलेली आहे. सपाट फळीवर भरीव गोळी घरंगळते तेव्हा पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या २/५ एवढी ऊर्जा फिरण्यात असते. म्हणजे १.४ ने गुणायचं. तसं केलं तर जी येतो ७.५. अजून कमीच.

उरलेलं खाचेत आहे, आणि ते डोळ्यांनी दिसतं. गोळीवर मार्करने ठिपका द्या, शेजारी पट्टी धरा आणि बोटाने हळूहळू एक पूर्ण फेरा द्या. गोळीचा परीघ साधारण ७८.५ मिमी, पण गोळी पुढे सरकते जेमतेम ५५.५ मिमी. कारण ती तळावर टेकतच नाही. दोन्ही भिंतींना बाजूंनी टेकते आणि टेकण्याच्या रेषेपासून तिचा मध्य त्रिज्येच्या ०.७ पट उंचीवरच असतो. म्हणजे तेवढ्याच वेगाने पुढे जायला तिला १.४ पट जलद फिरावं लागतं, आणि फिरण्याची ऊर्जा या वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुप्पट. २/५ चे झाले ४/५. गुणायचं १.८ ने. उत्तर ९.७!

उरलेला एक टक्का उंचीच्या मापाला आणि घरंगळण्यातल्या किरकोळ घर्षणाला बहाल.

मुलांना दाखवायचा भाग खरा इथे आहे. गोळीवर उताराच्या दिशेने वजनाचा घटक ओढतो आणि घर्षण चढाच्या दिशेने त्या ओढीच्या ४/९ एवढा विरोध करतं. उरलेलं ५/९ हे असंतुलित बल, आणि त्वरण त्याचंच. हे स्थितिक घर्षण आहे. गोळी घसरत नाही, त्यामुळे ते ऊर्जा खात नाही, फक्त पुढे जाण्यातली काही फिरण्याकडे वळवतं. घर्षण म्हणजे दरवेळी नुकसान, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्याला या प्रयोगाने चांगला तडा जातो.

गॅलिलिओचं यात काही अडलं का? नाही. त्याला जी नकोच होता, प्रमाणं हवी होती. १.८ असो की १.४, तो गुणक प्रवासभर तोच राहतो, त्यामुळे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात हा नियम जसाच्या तसा टिकतो.

गाडी आणि कप्पीचा प्रयोग अजून अर्धवट आहे. एवढंच नोंदवून ठेवतो: ४५० ग्रॅमची गाडी ५० ग्रॅमच्या लोंबत्या वजनाने ओढली तर दोरीतला ताण ०.४९ न्यूटन नसतो, ०.४४ असतो, कारण ते वजनही त्वरणाने खाली येत असतं. ताण थेट मोजायला हलका स्प्रिंगकाटा गाडीवर बसवायचा विचार आहे. कोणी केलं असेल तर कळवा.

उतरणीवर मग वेगवेगळ्या गोळ्या सोडल्या. भरीव काचेची गोटी पोलादी गोळीच्याच वेळेत आली, वजनात एवढा फरक असून. काटकोनी अँगलमध्ये आकारानेही फरक पडत नाही. गोळी दोन्ही भिंतींना टेकली की पुरे. यू आकाराच्या चॅनलमध्ये तसं नाही, तिथे लहान गोळी खोल बसते आणि जास्त रेंगाळते. ते चॅनल कापून तयार आहे.

टेबल टेनिसचा चेंडू पोकळ, त्याचा गुणक २.३३. हिशेबाने दोन टिकमध्ये १.०९ सेकंद यायला हवेत. एवढ्या हलक्या चेंडूच्या टिक फोनवर नीट येत नाहीत, म्हणून सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन वापरला. सुरुवातीचे भाग बऱ्यापैकी जुळतात, शेवटचा मात्र स्पष्ट लांबतो. चेंडू २.७ ग्रॅमचा, खाली पोचेपर्यंत वेग सेकंदाला जवळपास १ मीटर. तिथे हवेचा विरोध उताराच्या ओढीच्या पाचव्या भागाएवढा होतो. एकसमान त्वरण कुठे संपतं ते यात फ्रेम मोजून दाखवता येतं.